गोळी पाळी चुकण्याआधीची

पाळी चुकते. आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते, मग घरच्या घरी चाचणी, मग सासूबाईंच्या कानावर घालणं आणि त्यानंतर दवाखान्यात नाव नोंदवणं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी हातात पडेपर्यंत दोन महिने सहज उलटतात. तोवर तिचं सर्वांत मोठं काम हुकलेलं असतं.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. खालच्या बाजूला उघडी राहिली, तर कण्यात फट राहते आणि पाय लुळे पडू शकतात. डोक्याकडे उघडी राहिली, तर बाळ जगत नाही. या दिवसांत पेशी भराभर वाढत असतात आणि त्यासाठी फोलेट लागतं; फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या अभ्यासाने 1991 मध्ये हे पक्कं केलं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला.

या शोधाचं एक मूळ मुंबईत आहे. 1928 साली लंडनहून आलेल्या डॉ. ल्युसी विल्स इथल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टपासून बनणारं स्वस्त मार्माइट दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. त्या कष्टकरी बायकांचं हे ऋण आपण विसरलो आहोत, याचं वाईट वाटतं.

मेथी, पालक, चवळी, मूग यांत फोलेट असतंच. मात्र भाजी उकडून पाणी ओतून दिलं, की बरंचसं त्याबरोबर जातं. म्हणून आहार चांगला असला, तरी गोळी हवी. सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन्ही असतं, पण गरोदरपणात ती रोज सुरू होते चौथ्या महिन्यापासून.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतल्या बऱ्याच गरोदर स्त्रियांत बी-12 कमी आढळलं. शाकाहारी घरांत हे वारंवार दिसतं. त्यामुळे फोलेटबरोबर बी-12 चंही डॉक्टरांना विचारा.

मूल हवं असं ठरलं, की किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. न ठरवता दिवस राहू शकतात, अशा स्त्रियांनीही ते घ्यावं. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर जास्त मात्रा लागते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.