किस्मत : कपाळावरची की वाटणीतली?

हिंगोलीकडं भावाभावांत शेत वाटायचं झालं, की बरेचदा चिठ्ठ्या टाकतात. एकीवर विहिरीकडचा तुकडा, दुसरीवर माळाकडचा. घरातलं लेकरू चिठ्ठी उचलतं. ज्याला माळ निघतो तो म्हणतो, 'आपली किस्मत.' किस्मत या शब्दाचा मूळ अर्थ या वाक्यात जितका नेमका उतरतो, तितका क्वचितच कुठं उतरत असेल.

कारण किस्मत म्हणजे कपाळी लिहिलेलं, ही समजूत चुकीची आहे. पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाते ती आपली सटवाई. किस्मतीचा लिहिण्याशी संबंध नाही. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'वाटणं' आहे आणि किस्मत म्हणजे वाटा. जुन्या महसुली कागदांतला 'तकसीम' त्याच मुळाचा. तकसीमदार म्हणजे हिस्सेदार. 'नशीब' हाही अरबीच, अर्थ तोच, हिस्सा. 'तकदीर' म्हणजे ठरवून दिलेलं माप. निजामाच्या राज्यात उर्दू ही कारभाराची भाषा होती, त्यामुळं हे शब्द मराठवाड्याच्या बोलण्यात मुरले.

इंग्रजीत 'किस्मेट' असा शब्द आहे. तो साहेबानं हिंदुस्थानातून नेला असावा, असं सहज वाटतं. हिंगोलीत तर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणीच होती. पण शेवटचा 'एट' वेगळी वाट दाखवतो. अरबीतून फारसीत आलेला हा शब्द एका बाजूनं उर्दू-मराठीत आला, दुसऱ्या बाजूनं तुर्कीत 'कस्मेत' झाला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात उचलला तो तुर्की उच्चार.

म्हणूनच 1805 मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत मरताना इंग्रज नौसेनापती नेल्सन आपल्या जहाजाच्या कप्तानाला 'किस्मेट, हार्डी' म्हणाला, ही दंतकथा टिकत नाही. त्या काळी हा शब्द इंग्रजीत रुळलेलाच नव्हता. नेल्सननं 'किस मी, हार्डी' म्हणत चुंबन घ्यायला सांगितलं, असं जवळ असलेल्या सर्जन बीटीनं लिहून ठेवलं आहे आणि हार्डीनं ते घेतलंही. पुढच्या पिढ्यांना ते अवघडल्यासारखं वाटलं असावं, म्हणून 'किस मी'चं 'किस्मेट' केलं असावं.

मला यातला 'वाटा' फार मोलाचा वाटतो. लिहिलेलं पुसता येत नाही म्हणतात. वाटणी मात्र कुणीतरी केलेली असते, म्हणून ती कुणी आणि कशी केली हे विचारता येतं. वर सांगितलेल्या चिठ्ठ्यांत बहिणीच्या नावाची चिठ्ठी बहुधा नसतेच. 'लेकीचं नशीब सासरी' म्हणून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. पण कायद्यानं तिची वाटणी केव्हाच बदलली आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हिस्सा दिला, तोवर लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही अटही गेली. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात होते की नव्हते, यानं फरक पडत नाही.