एका पेशीपासून सुरुवात

सकाळी ७
कॅन्सस सिटीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आल्याआल्या इनक्युबेटरवरचे दोन आकडे बघते. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. ते जागेवर असले की दिवसाला हात घालायचा.

९:३०
पॉलिसिस्टिक किडनी या आजाराच्या रुग्णाची, शस्त्रक्रियेत काढलेली किडनी बर्फाच्या डब्यातून आली. डब्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. निरोगी किडनीचं वजन साधारण १५० ग्रॅम. ही उचलायला दोन्ही हात लागले. पृष्ठभागावर मोकळी जागा म्हणून नाही, पाण्यानं भरलेल्या फुग्यांसारखी सिस्टला सिस्ट खेटलेली. काहींतलं पाणी फिकट पिवळं, काहींतलं जुन्या रक्तस्रावानं चॉकलेटी. सुईनं पाणी काढलं की भिंत खाली बसते, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. तिच्या आतल्या बाजूच्या पेशी मला हव्या असतात. बहुतेकदा आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं बिघडलेलं जनुक जन्मापासूनच प्रत्येक पेशीत असतं. पुढे कधीतरी एखाद्या पेशीतली दुसरी, चांगली प्रतही बिघडते आणि तिथून सिस्ट सुरू होते. म्हणून तर लाखो मूत्रनलिकांपैकी मोजक्याच फुगतात. पण तेवढ्याच बाकीच्यांना चेपून टाकतात.

१
जेवण उरकून कोलॅजनचं काम. ते बर्फावर पातळ राहतं, ऊब मिळाली की गोठतं. त्यात पेशी मिसळून, बुडबुडा न येऊ देता, भराभर खाचांमध्ये ओतायचं. इथे हात रेंगाळला की सगळं फुकट.

३
मागच्या खेपेच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली. फोर्स्कोलिन हे रसायन घातलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे संदेश पोचवणारा रेणू, वाढतं. जेलमध्ये विखुरलेल्या पेशींच्या जागी आता पोकळ गोळे दिसतात: कडेनं पेशींचा एकेरी थर, आत त्यांनीच सोडलेलं पाणी. निरोगी किडनीच्या पेशींची वाढ याच संदेशानं मंदावते, रुग्णाच्या पेशी मात्र विभागत सुटतात. मला या आजारात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. यामागूची, ग्रँथम, कॅल्व्हेट यांच्या गटानं २००४ मध्ये इथेच दाखवलं की निरोगी पेशींत शिरणारं कॅल्शियम रोखलं, तर त्याही असंच वागू लागतात. म्हणजे पेशी मुळात दुष्ट नाही. पीकेडी१ किंवा पीकेडी२ जनुक बिघडल्यानं तिचं कॅल्शियमचं गणित चुकलेलं असतं. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सायक्लिक एएमपी वाढवतं; त्याला अडवणारं टॉल्वॅप्टन अमेरिकेत २०१८ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. त्यानं वाढ मंदावते, थांबत नाही. शिवाय लघवी फार होते आणि यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

रात्री ८:३०
सांगलीत सकाळ. मावसभावाचा फोन.
“ताई, बाबांना आहे म्हणजे मलाही होणारच का गं?”
“होणारच असं नाही. निम्मी शक्यता. बीपी कधी मोजलंस?”
“नाही. आई म्हणते, आधी लग्न ठरू दे.”
सिस्ट वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर बहुधा काहीच दुखत नाही. रक्तदाब मात्र आधीच चढलेला असू शकतो. तो आटोक्यात ठेवणं आज बहुतेक रुग्णांना शक्य आहे.

ज्यांच्या आईला किंवा वडिलांना हा आजार आहे, त्यांनी स्थळाची वाट न बघता बीपी मोजून घ्यावं, सोनोग्राफीबद्दल किडनीच्या डॉक्टरांना विचारावं आणि दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत.