नैराश्यावर उपचार गावाजवळच

सतत उदास वाटणे, कशातच गोडी न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, जगण्याचाच कंटाळा येणे. यांपैकी बरीच लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रोज राहिली आणि त्यामुळे नेहमीची कामे अडू लागली, तर वैद्यकशास्त्र त्याला नैराश्याचा आजार म्हणते. पीक बुडाल्यावर किंवा घरात मृत्यू झाल्यावर येणारे दुःख दिवसागणिक ओसरत जाते. नैराश्य मात्र ठाण मांडून बसते. तो आळस नव्हे, मनाचा कमकुवतपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज आणि भोवतालच्या गावांत हा आजार ओळखणे अवघड जाते, कारण तो बहुधा शरीराच्या तक्रारींच्या रूपाने पुढे येतो. रुग्ण ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. डोके जड होते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असे तो सांगतो. फार तर ‘टेन्शन आहे’ किंवा ‘मन लागत नाही’ एवढेच बोलतो. तपासण्यांत काही सापडत नाही. मग शक्तीचे औषध घेतले जाते, सलाईन लावली जाते, पैसे खर्च होतात आणि मूळ आजार तसाच राहतो.

त्याचा पहिला फटका कामाला बसतो. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी ही कामे वेळेवर व्हावी लागतात. नैराश्य आलेल्या शेतकऱ्याला उठून शेतापर्यंत जाणेच जड वाटते. काम मागे पडते, तण वाढते, उत्पन्न घटते आणि ‘आपल्याच्याने काही होत नाही’ हा समज आणखी पक्का होतो. बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आईला बाळाची काळजी घेणेही कठीण होते. शाळकरी मुले उदास दिसण्याऐवजी चिडचिडी होतात, वाचलेले त्यांच्या लक्षात राहत नाही, गुण घसरतात आणि शाळा बुडू लागते. घरचे याला हट्ट किंवा टाळाटाळ समजतात.

कारणे एकाच ठिकाणी सापडत नाहीत. कोरडवाहू शेतीतील अनिश्चितता, कर्ज, पडलेला भाव, मुलीच्या लग्नाचा खर्च यांचा ताण खरा आहे. त्यात आनुवंशिकता, दीर्घ शारीरिक आजार, दारू, घरातील मारहाण आणि एकटेपणा यांची भर पडते. सारख्याच संकटातून गेलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकालाच नैराश्य येते, ते यामुळे.

या आजारावर परिणामकारक उपचार आहेत, पण ते बहुसंख्य रुग्णांपर्यंत पोचत नाहीत. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्य आणि चिंता यांसारखे सामान्य मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना असल्याचे आढळले. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून. तरीही मनोविकारतज्ज्ञ मुख्यतः शहरांत आहेत. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. बसभाडे, बुडणारी मजुरी आणि ‘लोक वेडा म्हणतील’ ही भीती या तिन्ही गोष्टी रुग्णाला घरीच अडवतात.

ही अडचण दूर होऊ शकते, हे धनजच्या शेजारच्याच जिल्ह्यात दिसून आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवण्यात आला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले होते. ते घरोघरी जाऊन नैराश्याची माहिती देत, लक्षणे ओळखत आणि पहिला आधार देत. त्यांच्या मदतीला समुपदेशक होते, आणि गरज पडेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञ. याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी सुरुवातीला केवळ ४.३ टक्के लोक उपचारांसाठी कोणाकडे गेले होते. १८ महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले, म्हणजे सहापटीहून अधिक. मोठे रुग्णालय न उभारता, गावातल्या माणसांच्या बळावर हा बदल घडला.

अशा समुपदेशनाची एक साधी पद्धत गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने तपासून पाहिली. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो. काम सुटले की समाधान देणारे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी खचते. ही साखळी कामाच्या बाजूने तोडायची, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. समुपदेशक रुग्णाबरोबर बसून त्याचा दिवस कसा जातो ते समजून घेतो. कोणत्या कामानंतर थोडे बरे वाटते, हे दोघे मिळून शोधतात. मग अगदी छोटे काम ठरते: सकाळी बांधापर्यंत चालून येणे, बैलांना पाणी दाखवणे, बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसणे, संध्याकाळी भजनाला जाणे. मन तयार होण्याची वाट न पाहता काम आधी करायचे. पुढच्या भेटीत काय जमले, काय अडले, हे पाहून पुढची पायरी ठरते. कर्जासारख्या प्रश्नाचेही लहान भाग पाडले जातात: आधी कागदपत्रे गोळा करणे, मग बँकेत चौकशी, मग घरच्यांशी बोलणे.

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या या अभ्यासात तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी देण्यात आल्या. भेटी देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या रुग्णांत हेच प्रमाण ३९ टक्के होते.

आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमी होणारी चूक आहे. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू बंद करायच्या असतात. त्यांचे व्यसन लागते हा समज खोटा आहे.

जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणाऱ्या माणसाकडे कधीही दुर्लक्ष करू नये. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे आपुलकीने विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते आणि मदतीची वाट खुली होते. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ प्रमाणे सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा मानतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

समुपदेशनाने पाऊस पडत नाही, भाव वाढत नाही आणि कर्जही फिटत नाही. सिंचन, पीकविमा, वेळेवर पतपुरवठा यांची गरज तेवढीच राहते. पण आजारातून बाहेर आलेला माणूस त्या प्रश्नांशी झुंजू शकतो, आजारात रुतलेला माणूस झुंजू शकत नाही. म्हणून घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ अशी लक्षणे दिसली, तर आधी आशाताईंना सांगावे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील उपचारांसाठी वाशीमचे जिल्हा रुग्णालय आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. ताप आला की जितक्या सहज दवाखाना गाठला जातो, तितक्याच सहज मनाच्या आजारासाठीही गाठावा.