टँगोला शब्द देणारा गायक : कार्लोस गार्देल

टँगो हा शब्द आमच्या बहुतेक वाचकांस एका नृत्याचें नांव म्हणून परिचित असेल. परंतु दक्षिण अमेरिकेंतील आर्जेन्टिना व उरुग्वे या देशांत टँगो म्हणजे नृत्याइतकेंच गाणेंहि होय. त्यास हें स्वरूप मुख्यतः ज्याच्यामुळें आलें, त्या कार्लोस गार्देलची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

गार्देल जन्मानें फ्रेंच. ११ डिसेंबर १८९० रोजीं तुलूझ शहरीं तो जन्मला. शार्ल रोम्युआल्द गार्देस असें त्याचें नांव नोंदविलें गेलें. आई बेर्त अविवाहित होती व बापाचें नांव नोंदींत नाहीं. १८९३ सालीं ही एकटी बाई सव्वादोन वर्षांचें मूल घेऊन जहाजानें ब्यूनोस आयर्सला आली आणि कपड्यांना इस्त्री करून पोट भरूं लागली. मुलगा आबास्तो नांवाच्या मोठ्या मंडईच्या आसपास वाढला. पुढें होसे रासानो या जोडीदाराबरोबर गिटारच्या साथीवर खेड्यांतलीं लोकगीतें म्हणणें हाच त्याचा व्यवसाय झाला.

टँगो हा परदेशांतून आलेल्या मजुरांच्या गरीब वस्त्यांत वाढलेला. सभ्य घरांत त्यास फारसा मान नसे. वादकांनीं वाजवावें व लोकांनीं नाचावें, असा प्रकार. त्याला शब्द मुळींच नव्हते असें नाहीं, पण ते बहुधा बढाईचे अथवा थट्टेचे असत. १९१७ सालीं गार्देलनें 'माझी उदास रात्र' अशा अर्थाच्या नांवाचा टँगो ध्वनिमुद्रित केला. सामुएल कास्त्रिओता याची चाल आधींचीच होती. तीवर पास्कुआल कोन्तुर्सी यानें शब्द रचले. प्रिया सोडून गेली आहे आणि रिकाम्या खोलींत मनुष्य एकटा उरला आहे, एवढाच विषय. पण नाचाच्या चालीवर एक माणूस आपलें दुःख सांगूं लागला, ही गोष्ट नवी होती. गार्देलची गाण्याची पद्धतहि तशीच. शेजारी बसलेल्या मित्रास हकीकत सांगावी तसा तो गाई, आणि एकहि शब्द अस्पष्ट राहूं देत नसे. आमच्या मतें त्याचें खरें कर्तृत्व हेंच.

या गळ्यास यंत्रानेंहि हात दिला. पूर्वीं ध्वनिमुद्रणासाठीं कर्ण्यांत मोठ्यानें गावें लागे. १९२६ च्या सुमारास मायक्रोफोन आला व हळुवार स्वरहि तबकडींत उतरूं लागला. गार्देलनें सातशेंहून अधिक गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. गंमत अशी कीं, त्याला स्वरलेखन येत नसे. चाल सुचली म्हणजे ती गुणगुणून तो जाणकाराकडून लिहवून घेई.

१९२८ सालीं पॅरिसनें त्याला डोक्यावर घेतलें. मग न्यूयॉर्कमध्यें बोलपट निघाले. त्यांतील बऱ्याच गीतांचे शब्द आल्फ्रेदो ले पेरा याचे. १९३५ सालच्या एका बोलपटांत वृत्तपत्र विकणाऱ्या मुलाचें लहानसें काम तेथेंच राहणाऱ्या तेरा वर्षांच्या आस्तोर पियाझोलानें केलें. गार्देल त्याला पुढील दौऱ्यावर नेणार होता. मुलगा लहान म्हणून बापानें नाकारलें. २४ जून १९३५ रोजीं कोलंबियांतील मेदेयिन येथें गार्देलचें विमान उड्डाणाच्या वेळीं दुसऱ्या विमानावर आदळलें व पेटलें. गार्देल व ले पेरा दोघेहि गेले. पियाझोला पुढें टँगोचा थोर रचनाकार झाला.

गार्देल नेमका कोणाचा, यावर वाद माजला. १९२० सालीं त्यानें उरुग्वेंत जन्मल्याचे कागद करविले होते. महायुद्धांत फ्रेंच सैन्यांत हजर न झाल्यामुळें त्याला ते हवे होते, असें पुष्कळांचें मत आहे. उरुग्वेचे लोक त्यावरून आपला हक्क सांगतात. परंतु १९३३ सालच्या स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रांत त्यानें तुलूझचेंच नांव दिलें आहे.

२००३ सालीं युनेस्कोनें त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा एक संग्रह जागतिक स्मृतिठेव्यांत नोंदविला. तो दिवसेंदिवस अधिकच चांगला गातो, असें ब्यूनोस आयर्सचे लोक आजहि म्हणतात. चाकारिता दफनभूमींतील त्याच्या हंसऱ्या पुतळ्याच्या बोटांत चाहते पेटलेली सिगारेट ठेवून जातात (विद्यार्थ्यांनीं यांतील फक्त भक्ति घ्यावी!). आई बेर्त १९४३ सालीं वारली. तिलाहि तेथेंच, मुलाशेजारीं, पुरलें आहे.