थंडी, ऊस आणि ॲव्हरेज

आमच्या भागात ‘मायलेज’ हा शब्द जाहिरातीत वाचायचा असतो. बोलताना सगळे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. गाडी ॲव्हरेज देते, ॲव्हरेज पडते, मेकॅनिक ॲव्हरेज काढून देतो. मार्गशीर्ष-पौषात आष्ट्याच्या कोणत्याही गॅरेजसमोर दहा मिनिटे उभे राहिले, तर ‘थंडी सुरू झाल्यापासून गाडी ॲव्हरेज देईना’ हे वाक्य एकदा तरी कानावर पडते. अलीकडे त्याला जोडून दुसरे वाक्य येते, ‘पेट्रोलात इथेनॉल घातलंय ना, म्हणून.’ तिसरा कोणी पंपवाल्यावर घसरतो. आरोपी तीन, गुन्हा एक. यांपैकी कोणाच्या पदरात किती माप घालायचे, हे पाहण्यासाठी हा लेख.

आमच्या गावाला ही चौकशी टाळता येण्यासारखी नाही. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा आणि मध्ये नजर पोहोचेल तिथवर ऊस. जो माणूस पंपावर पेट्रोल घेतो, तोच कारखान्याला ऊस घालतो, आणि त्याच उसाच्या मळीचे किंवा रसाचे इथेनॉल होऊन त्याच पेट्रोलात येते. इथेनॉल दोषी ठरले तर आपलाच ऊस आपल्या गाडीवर उठला, असे म्हणायची पाळी.

आधी थंडी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सर्वसामान्यांसाठी दिलेले आकडे यात नेहमी उद्धृत होतात. शहरात चालणारी पेट्रोल गाडी २५ अंश सेल्सियसला जेवढे ॲव्हरेज देते, त्यापेक्षा उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्के कमी देते. फेरी पाच-सहा किलोमीटरची असेल तर घट २४ टक्क्यांपर्यंत जाते, आणि हायब्रिड गाडीत ३० ते ३४ टक्क्यांपर्यंत. हे आकडे मोबाइलवर फिरत फिरत आपल्याकडे येतात आणि लोक ते जसेच्या तसे सांगलीला लावतात. पण उणे ७ अंश म्हणजे बादलीतल्या पाण्याचा दगड होण्याची थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर वर्तमानपत्रात फोटो येतो, निफाडला पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात. आष्ट्यात जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १२ ते १४ अंशांवर येतो, एखाद्या लाटेत आणखी खाली. आणि त्याच दिवशी दुपारी तो तिशीला टेकतो. म्हणजे आपल्याकडे हिवाळा हा ऋतू कमी आणि सकाळची वेळ जास्त. पुढचे बरेचसे यातूनच उलगडते.

पहाटे गाडी सुरू केली की इंजिनात काय होते? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड धातूवर पडलेल्या पेट्रोलचा काही भाग वाफ न होता भिंतींना चिकटून राहतो. म्हणून इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजावे लागते. गरम इंजिनात शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात हे प्रमाण पेट्रोलच्या बाजूने बरेच झुकवतात. जुन्या मोटारसायकलींवर हे काम आपण चोक ओढून हाताने करत होतो, आणि चोक आत सारायला विसरलेला माणूस धूर सोडत बाजारपेठेतून जायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले, दुचाक्यांतही पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले, चोक गेला. लोकांना वाटले, भानगड मिटली. भानगड तशीच आहे, फक्त ती आता पाण्याचे किंवा इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर आणि संगणक आपल्याला न विचारता उरकतात. शिवाय धूर शुद्ध करणारे सायलेन्सरमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांखाली नीट काम करत नाही. ते लवकर तापावे म्हणून संगणक सुरुवातीला इंजिन मुद्दाम जरा वेगाने फिरवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. त्यात जळणाऱ्या पेट्रोलची उष्णता चाकाकडे न जाता धुराड्याकडे जाते.

दुसरी गोष्ट ऑइलची. ज्याने गुऱ्हाळावर काकवी पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते, आणि तीच बरणी पौषातल्या सकाळी उपडी केली तर धार खाली यायला वेळ लागतो. इंजिन ऑइलचेही तेच. ४० अंशांना जे ऑइल असते ते १०० अंशांना साधारण सहा ते आठपट पातळ होते; १४ अंशांना ते किती घट्ट असेल, याची कल्पना यावरून यावी. ते घट्ट ऑइल ढवळण्यात, पंपाने वर चढवण्यात आणि पिस्टन त्यातून सरकवण्यात ताकद जाते. गिअरबॉक्समधले ऑइल तर याहून सावकाश तापते. डब्यावर १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. तो आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत कमी घट्ट. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला ज्यांनी थंडीच्या सकाळी हँडल मारले आहे, त्यांच्या खांद्यांना हे शास्त्र पाठ आहे.

आता एक साधा हिशेब. पाण्याने थंड होणारे इंजिन नीट चालते ते सुमारे ९० अंशांना. दुपारी ३० अंशांपासून सुरुवात केली तर त्याला ६० अंश चढायचे असतात, पहाटे १४ पासून केली तर ७६. म्हणजे चढण सव्वापट. चालू झाल्यावर पहिली काही मिनिटे जो उधळेपणा होतो, तो पहाटे साधारण सव्वापट वेळ चालतो. आता दोन गाड्या घ्या. एक पहाटे आष्ट्याहून निघून पुण्याला जाते. तिचा उधळेपणा इस्लामपूरच्या आसपास संपतो आणि उरलेल्या लांब वाटेत विरून जातो. दुसरी सकाळी डेअरीला दूध घालून येते, मग मुलाला शाळेत सोडते, मग बाजारात जाऊन परत दारात. दर वेळी दोन किलोमीटर, मध्ये तासभर थंड. ही गाडी दिवसभरात एकदाही पुरती तापत नाही. थंडीची तक्रार करणारे बहुतेक या दुसऱ्या गाडीचे मालक असतात आणि त्यांची तक्रार खरी असते. पण त्यांच्या गाडीचे ॲव्हरेज वैशाखातही पडलेलेच असते, थंडीत ते आणखी थोडे पडते.

कंपनीच्या कागदावरचा आकडा यात उपयोगी पडत नाही. पुण्याच्या एआरएआय संस्थेत किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून तो काढतात. आपल्याकडच्या ठरीव चक्रात सुमारे अकरा किलोमीटर, वीस मिनिटे, कमाल वेग ताशी ९० असा मामला असतो, आणि चाचणीआधी गाडी कित्येक तास २० ते ३० अंशांत ठेवलेली असते. त्या खोलीत पौष महिना येतच नाही.

टायर आणि हवा यांचा निकाल लवकर लागतो. दुपारच्या ३२ अंशांत ३३ पाउंड हवा भरली, तर पहाटे १४ अंशांना काटा ३० च्या आसपास दाखवेल. हवा कुठे गळालेली नसते, आक्रसलेली असते. पण सगळ्या टायरांत एकेक पाउंड कमी झाला तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते, म्हणजे तीन पाउंडांचे अर्धा-पाऊण टक्का. गाडी अडवणारी बाहेरची हवाही थंडीत दाट होते, ३५ अंशांच्या मानाने १४ अंशांना सुमारे ७ टक्के. महामार्गावर ताशी ९० ने जाताना गाडीला होणाऱ्या विरोधात हवेचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, तिथे हे जाणवेल. आष्ट्याच्या पेठेत ताशी वीसने जाणाऱ्याला हवेची काळजी करायचे कारण नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे, कारण ती कोणी मांडत नाही. आपल्या वैशाखात चारचाकीचा एसी सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. फार उकाड्यात आणि छोट्या फेऱ्यांत एसीमुळे ॲव्हरेज पाव हिश्शाहूनही जास्त पडू शकते, असे तेच अमेरिकी खाते सांगते. थंडीत एसी बंद. हीटर लावला तरी पेट्रोल गाडीत तो इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आत घेतो, म्हणजे जवळजवळ फुकट. (विजेच्या गाडीत तसे नाही, तिथे ऊब बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते.) त्यामुळे आमच्याकडे एसी वापरणाऱ्या चारचाकीचे जानेवारीचे ॲव्हरेज मे महिन्यापेक्षा चांगले निघाले तर नवल नाही. थंडीचा फटका स्वच्छ दिसतो तो दुचाकीत, कारण तिच्यात एसी नसतो.

मग चारचाकीवालेही हिवाळ्यात का कुरकुरतात? माझ्या मते उत्तर रस्त्यावर आहे. थंडी आणि गळीत हंगाम आमच्याकडे एकदमच येतात. साखराळे, वाळवा, कारंदवाडी, सांगली अशा चारी दिशांच्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात, बैलगाड्यांच्या रांगा लागतात, वळणावर ऊस सांडलेला असतो. सांगली-इस्लामपूर रस्त्यावर जे अंतर श्रावणात टॉप गिअरमध्ये सरळ काटले जाते, तेच पौषात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक मारत, ट्रॉलीमागे धूर खात, ओव्हरटेकची संधी बघत कापावे लागते. दर ब्रेकला पेट्रोलने कमावलेला वेग उष्णता होऊन जातो आणि पुन्हा विकत घ्यावा लागतो. एवढी गोष्ट थंडीचा सारा हिशेब झाकून टाकायला पुरेशी आहे. थंडीच्या नावावर जे खर्च पडतात, त्यांतला मोठा भाग ट्रॉल्यांचा आहे, असे माझे मत आहे.

आता इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोल लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉल २१. वीस टक्के मिसळले की एका लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी होते, हे शाळेतल्या त्रैराशिकाने निघते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मोठा असल्याने त्याच्यासाठीच बनवलेले इंजिन यातले काही भरून काढू शकते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात म्हणूनच वेगवेगळे आकडे आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाक्यांत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाक्यांत ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी घडवून २० साठी जुळवलेल्या चारचाक्यांत १ ते २ टक्के. जुनी गाडी असलेल्याची तक्रार म्हणजे मनाचा खेळ नव्हे. ऊस पिकवणाऱ्या मुलखात हे बोलायला लोक कचरतात, पण ऊर्जेच्या हिशेबाला सभासदत्व नसते.

मात्र ही घट बारमाही आहे. जानेवारीत २० टक्के आणि मेमध्येही २० टक्केच मिसळलेले असेल, तर जानेवारी-मे यांतला फरक इथेनॉलच्या डोक्यावर मारता येत नाही. घोटाळा झाला तो २०२२ ते २०२५ या काळात. तेव्हा मिश्रण १० वरून २० टक्क्यांकडे चढत होते. गेल्या उन्हाळ्याची तुलना या हिवाळ्याशी करणारा माणूस नकळत दोन ऋतू आणि दोन इंधने एकदम तोलत होता.

थंडी आणि इथेनॉल यांचे एक जुने वैर मात्र आहे, आणि ते ब्राझीलने भोगले. उसाचाच तो देश. १९७५ साली त्यांनी अल्कोहोल-इंधनाची मोहीम सुरू केली आणि १९७९ साली निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, आणि साधारण १३ अंशांखाली त्याची पेट घेण्याइतकी वाफच सुटत नाही. थंड सकाळी गाड्या सुरू होईनात. तोड म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी बसवली. सुरुवात पेट्रोलवर, मग इथेनॉल. तो १३ चा आकडा वाचला की मला आमची जानेवारीतली पहाट आठवते. उद्या निव्वळ इथेनॉलची गाडी आष्ट्यात आली, तर ती नेमक्या सीमारेषेवर उभी असेल. आजच्या २० टक्के मिश्रणात ही अडचण येत नाही. उरलेल्या ८० टक्के पेट्रोलमधले हलके घटक कडाक्याच्या थंडीतही वाफ देतात आणि सुरुवात तेच करून देतात. थंड इंजिनाला थोडे जास्त इंधन लागेल इतकेच.

राहिला पंपवाला. पहाटे पेट्रोल भरले तर जास्त मिळते, हा समज सर्वत्र आहे. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग इतके प्रसरण पावते हे खरे, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान सकाळ-दुपार फारसे हलत नाही. पंपावर लिहिलेली घनता म्हणूनच १५ अंशांना बदलून मोजतात. आणि पेट्रोल खरोखर थंड असेल तर लिटरमागे जास्तच मिळेल, कमी नाही. मापात खोट असू शकते, पण ती हिवाळ्यापुरती असण्याचे कारण नाही.

एका गोष्टीवर आपला ताबा आहे आणि ती गॅरेजमध्येच बिघडते. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरते. गाडी एकदा उन्हाळ्यात तापली की ही झडप काढून टाकायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. ‘कशाला कटकट, पाणी मोकळं फिरू दे.’ पाणी मोकळे फिरते आणि पुढच्या हिवाळ्यात इंजिन रस्ताभर कोमटच राहते, सेन्सर संगणकाला ‘अजून थंड आहे’ असे कळवत राहतो आणि संगणक पेट्रोल पाजत राहतो. तापमानाचा काटा दहा-पंधरा किलोमीटरनंतरही मध्यावर येत नसेल, तर थंडीला किंवा उसाला बोल लावण्याआधी ती झडप जागेवर आहे का, हे बघून घ्यावे. गाडी दारात पाच मिनिटे रेस करून तापवण्यानेही काही साधत नाही. तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य असते, आणि गिअरबॉक्स व टायर थंडच राहतात. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावे.

कोणाला स्वतः पडताळायचे असेल, तर एकाच पंपावर, एकाच नळीने, पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथवर टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. एका टाकीवर निकाल देऊ नये. निदान पाच-सहा टाक्या हिवाळ्याच्या आणि तितक्याच उन्हाळ्याच्या हव्यात. वहीत तिसरा रकाना फेऱ्यांच्या लांबीचा, चौथा एसीचा आणि पाचवा, आमच्या भागात तरी, त्या दिवशी वाटेत किती ट्रॉल्या आडव्या आल्या याचा ठेवावा.