शेवटच्या नळाला क्लोरिन आहे का?

शाळेत पाण्याचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आरओ बसवलाय का?’ ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. देहूसारख्या गावात तो एवढ्यावर संपू नये. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, वाटेतल्या वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेत देहूला येते, आणि पुढे आळंदीला तिच्यावर फेस तरंगताना अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला आहे. आंद्रा धरणातलं पाणी याच नदीत सोडून निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलतात आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला पुरवतात.

म्हणून ‘नदी घाण, म्हणजे नळाचं पाणीही घाणच’ असं लोक धरून चालतात. शुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जातं आणि शेवटी क्लोरिन मिसळतात. गढूळपणा आणि जंतू यांवर ही पद्धत उत्तम चालते. पाण्यात विरघळलेली कारखान्यांची रसायनं मात्र तिने फारशी निघत नाहीत, त्यामुळे नदीसाठी चाललेली आरडाओरड योग्यच आहे. पण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी वाटेतही बिघडतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. अशा पुरवठ्यात रिकामी पडलेली जलवाहिनी गळक्या सांध्यातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढून घेते. पुढे शाळेची टाकी: झाकण सरकलेलं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, तळाला गाळ. मुलांच्या पोटात जातं ते या टाकीतलं पाणी.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती टीडीएसच्या आकड्याने. मीटर पाण्यात बुडवला, 300 आला, की चेहरे पडतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानक ‘आयएस 10500’ नुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतात. जंतू या मीटरला दिसतच नाहीत. 50 टीडीएसच्या पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात. काही विक्रेते दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून दाखवतात. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतो, कांडीचं लोखंड झिजून तयार झालेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि लोखंडही फारसं झिजत नाही. विज्ञानाच्या तासाला मुलांना हे जरूर करून दाखवावं. टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिला होता, कारण या यंत्रात बरंच पाणी वाया जातं.

आरओ बसवला म्हणजे निर्धास्त, हेही खरं नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्यावर संशय आला, तेव्हा पुणे महापालिकेने तपासणी करून काही खासगी आरओ प्रकल्पांना टाळं लावलं. तिथलं पाणी दूषित निघालं होतं. आरओतला कार्बनचा थर क्लोरिन काढून टाकतो. त्यानंतर ते पाणी साठवणीच्या टाकीत किंवा कूलरमध्ये पडून राहिलं आणि तिथे जंतू शिरले, तर त्यांना मारायला पाण्यात काही उरलेलंच नसतं.

म्हणूनच क्लोरिनच्या हलक्या वासाला नाकं मुरडू नयेत. मानकानुसार पाण्यात उरलेलं मुक्त क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं आणि 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि मग ओटी टेस्ट करायची, म्हणजे नमुन्यात ओटीचे थेंब टाकायचे: क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. पावडर उघडी किंवा ओलसर राहिली तर तिच्यातलं क्लोरिन उडून जातं. मग पोतं भरलेलं दिसतं आणि टेस्टला पिवळा रंग येत नाही. टेस्ट टाकीवर करून भागत नाही, सर्वांत लांबच्या नळावर करावी लागते. टेस्ट केलेलं पाणी ओतून द्यावं, पिऊ नये.

जूनमध्ये ही काळजी दुप्पट हवी. मे महिनाभर टाकीत पाणी साचलेलं असतं. शाळा उघडतात त्याच सुमारास पहिल्या पावसाचं गढूळ पाणी येतं आणि बहुतेक वर्षी तुकोबांच्या पालखीच्या प्रस्थानाची गर्दीही देहूत असते. गढूळ पाण्यात घातलेलं क्लोरिन गाळावरच खर्च होतं. टाकी शाळा उघडायच्या आधी धुतलेली असावी.

बोअरचं पाणी खडकातून येतं म्हणून शुद्धच, असंही ऐकू येतं. आपला काळा बेसाल्ट वाळूसारखं पाणी गाळत नाही. त्याच्या भेगांतून शौचालयाच्या खड्ड्यातलं पाणी थेट बोअरपर्यंत पोचू शकतं. त्यातून नायट्रेट वाढलं तर पाणी उकळून काहीच साधत नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे, आणि तिला सूट नाही.

‘पाणी नगरपंचायतीचं, तपासणीही तिनेच करावी’ असं म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात सर्व मुलांसाठी सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हा शाळेच्या निकषांतला एक निकष आहे. आवारातली टाकी, नळ आणि कूलर शाळेनेच सांभाळायचे असतात. क्लोरिनची रोजची नोंद, टाकी धुतल्याची तारीख आणि प्रयोगशाळेचा अहवाल एका वहीत असावा, आणि पालकांनी ती वही मागून पाहावी.

नमुनाही कोल्ड्रिंकच्या बाटलीतून पाठवून चालत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी लागते. तिच्यात नमुन्यातलं क्लोरिन निष्प्रभ करणारं रसायन असतं, म्हणून ती विसळायची नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. अहवालात आधी ई-कोलायची ओळ पाहावी: 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. आढळला, तर त्या दिवसापासून तो नळ बंद.