कॉटनटेल सशाचा संसार

कॅनडाच्या दक्षिण भागापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंत ज्याचा मुलूख पसरलेला आहे, आणि पळताना ज्याच्या आखूड शेपटीची खालची बाजू फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी पांढरीशुभ्र दिसते, तो पूर्व अमेरिकेतील कॉटनटेल ससा निबिड अरण्यात सहसा आढळत नाही. शेत आणि झुडपे यांच्या सरहद्दीवर, जिथे चरावयास गवत व लपावयास काटेरी जाळी ही दोन्ही जवळजवळ मिळतात, तिथेच त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. युरोपातील रानसशासारखी बिळे तो खणीत नाही. दिवसा गवतातल्या उथळ खळग्यात निश्चल बसावे, तिन्हीसांजेला व पहाटे चरावयास निघावे, हिमवर्षावात गवत झाकले गेले म्हणजे झाडांच्या कोवळ्या फांद्या व साली यांवर भागवावे, असा त्याचा क्रम.

परंतु माझ्या मते या प्राण्याची खरी विलक्षणता त्याच्या अपत्यसंगोपनात आहे. सुमारे २८ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर मादी वीतभरही खोल नसलेल्या खड्ड्यात सुकलेले गवत आणि स्वतःच्या छातीपोटाची उपटलेली लव अंथरून बहुधा चार-पाच पिलांना जन्म देते. ही पिले अंध व केशहीन असतात. (आपल्या माळरानावरचा ससा निराळ्या प्रजातीचा, त्याची पिले जन्मतःच लवयुक्त आणि डोळे उघडलेली असल्यामुळे त्याला अशा घरट्याची गरज पडत नाही.) पिलांवर गवत-लव पसरून मादी निघून जाते, ती संधिप्रकाशात काही मिनिटे दूध पाजण्यापुरतीच परतते. हे निष्ठुरपण नव्हे. कोल्ह्याला वा मांजराला घरट्याचा सुगावा लागू नये म्हणून दूर राहणे, हाच त्या निःशस्त्र मातेला करता येण्याजोगा बंदोबस्त आहे. दोन-अडीच आठवड्यांत पिले घरट्याबाहेर पडतात. वर्षातून तीन-चार वेते होऊनही बहुतेक पिलांना पहिला वाढदिवस लाभत नाही, इतके शत्रू त्यांच्या मागे असतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या अंगणातही गवत कापताना असे घरटे उघडे पडते. पिले पोरकी आहेत अशा समजुतीने ती कनवाळूपणे घरात आणून त्यांना गाईचे दूध पाजले जाते, आणि त्यांतली बहुतेक दगावतात. माणसाचा हात लागला म्हणून मादी पिलांना टाकीत नाही. म्हणून विनंती एवढीच, की विस्कटलेले गवत व लव पिलांवर पुन्हा पसरावी, कुत्र्यामांजरांना आवरावे आणि तिथून दूर व्हावे.